दोरीची खाच

एक जाड दोरी. पायाचा अंगठा. मंगरूळपीरच्या रस्त्यावरचा इंग्रजांचा डाकबंगला. ऐंशीला टेकलेली लिलाबाई.

साहेब आत झोपायचा, आणि लिलाबाईचा बाप बाहेर व्हरांड्यात बसून अंगठ्याला बांधलेल्या दोरीनं छताचा कापडी पंखा हलवायचा. दोरी भिंतीतल्या भोकातून आत जायची. बापाच्या दोरीनं घासून घासून त्या भोकाला खाच पाडली, असं आई सांगायची. बंगला आता लोकांना पाहायला उघडला, म्हणून लिलाबाई नातीला घेऊन आली.

"आजी, सायबाच्या खुर्चीत बस, फोटो काढतो तुहा," पिंकी म्हणाली.

"जळो ते खुर्ची! मले खाच पाह्यची हाय."

तिनं या टोकापासून त्या टोकापर्यंत भिंत चाचपली. हाताला नुसता नवा रंग लागला.

"काय शोधून राह्यल्या, मावशी?" चौकीदार जमशेदनं विचारलं. "दोरीचं भोक? ते तं बुजवून टाकलं. पाहुण्यायले खराब दिसे."

लिलाबाई भिंतीवर हात ठेवून तशीच उभी राहिली.



बाप वारला, तेव्हा ती आईच्या पोटात होती.