पाणी येईपर्यंत

इथे नेदरलँड्समध्ये, ग्रोनिंगनला ऑक्टोबर लागला, की हीटर सुरू करण्याआधी खोल्या गरम करणाऱ्या गरम पाण्याच्या रेडिएटरमध्ये अडकलेली हवा मीच काढते. खालच्या मजल्यापासून सुरुवात करायची, खाली वाटी धरायची, झडपेची किल्ली फिरवायची आणि पाणी येईपर्यंत थांबायचं.

शेवटचा रेडिएटर माडीवर, सासूबाईंच्या खोलीत. त्या पलंगावरून बघत होत्या.

"हिल्का, जमत नसेल तर वीबेला बोलाव. नऊ वर्षं झाली, साधी किल्ली फिरवता येत नाही तुला. माझ्या पोराच्या नशिबी..."

मी किल्ली फिरवली. फुस्स करून हवा सुटली. तिला त्यांच्या खोकल्याच्या औषधाचा वास होता. सासूबाईंचं वाक्य तिथेच तुटलं आणि छाती खाली बसली.

मी घाबरून किल्ली बंद केली. त्यांना श्वास आला.

जरा थांबून मी पुन्हा उघडली. त्यांचे ओठ निळे पडले. बंद केली, तशा त्या धापा टाकू लागल्या.

"राहू दे गं," त्या पहिल्यांदाच मऊ आवाजात म्हणाल्या. "गारठा चालेल मला."

खालून माझ्या नवऱ्याने, वीबेने हाक मारली, "झालं का गं आईच्या खोलीतलं?"

"होतंच आलंय," मी म्हणाले आणि किल्ली पूर्ण फिरवली.

वाटीत पाणी यायला बराच वेळ लागला. हीटर बंद होता, तरी ते अंगाइतकं कोमट होतं.