वरच्या आळीची लिफ्ट

पोर्तोच्या वरच्या आळीत राहणाऱ्या अदेरितुकाकांचे गुडघे गेले आणि दोनशे पायऱ्यांखालचं शहर त्यांना कायमचं दुरावलं. दोरू नदी तेवढी खिडकीतून दिसायची. पण म्हातारा खमक्या! आळीतल्या साऱ्या म्हाताऱ्यांच्या सह्या गोळा करून त्यांनी सात वर्षं नगरपालिकेकडे अर्जांवर अर्ज धाडले, आणि अखेर युरोपच्या विकास निधीतून टेकडीला लिफ्ट मंजूर झाली.

उद्घाटनाची फीत काकांनीच कापली. खाली उतरून ते थेट आपल्या जुन्या दोस्ताच्या, झेफेरिनुच्या कॉफीच्या दुकानात जाऊन बसले.

"अरे, मला वाटलं तू गेलास!" झेफेरिनु म्हणाला.

"निघालोच होतो. युरोपनं मागे ओढलं," काका खो खो हसले.

उन्हाळा आला तसे त्याच लिफ्टनं पर्यटकांचे थवे वर येऊ लागले. नदी दिसणाऱ्या खोल्यांना सोन्याचा भाव आला. काकांचा भाडेकरार संपला, त्याच दिवशी घरमालक बाल्तझार दारात उभा राहिला.

"काका, कसं सांगू... पाहुण्यांसाठी खोली हवी होती."

"कळलं रे," काका एवढंच म्हणाले. शहराबाहेर, लेकीकडे जायचं ठरलं.

निघायच्या दिवशी बाल्तझार स्वतः मदतीला आला. कपाट, पलंग, पेट्या असं सगळं लिफ्टमध्ये चढवून त्यानं कपाळावरचा घाम पुसला.



"तुमचे उपकारच म्हणायचे, काका! ही लिफ्ट नसती, तर एवढं सामान खाली उतरवताना जीव गेला असता."