उद्याचा सामना

औषधांच्या दुकानात आई मुलासाठी क्रेप बँडेज घेत होती. शेजारी दोघे बास्केटबॉलच्या फायनलवरून हमरीतुमरीवर आले होते.

"मालिका बरोबरीत, उद्या शेवटचा सामना, आणि याचा गुडघा दुखतोय! नाटकं नुसती."

"अरे, खरंच दुखावलाय तो."

"मग संपला म्हण. उगाच डोक्यावर घेऊन नाचलो!"

ते तिच्याच मुलाबद्दल बोलत होते. आणखी एकदा खेळला तर पाय कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

घरी येताच मुलानं विचारलं, "लोक काय म्हणतायत गं?"

तिचा जीव तुटला. "काय म्हणणार? सगळे तुझीच वाट बघतायत."

त्याचा चेहरा उजळला. त्यानं फोन उचलला. "कोच, इंजेक्शन घेऊन उतरतो उद्या."

"नको रे!" ती कळवळली.

"आता कसं नको? तूच म्हणालीस ना, लोक वाट बघतायत?"