राहिलेलं पुस्तक

"तुम्हाला कोणती पुस्तकं हवीत?" वैजनाथनं विचारलं.

ताहेराबी पिंजारणीच्या घरात पाच-सहा बाया बसल्या होत्या. उन्हाची झळ येत होती म्हणून रस्त्याकडचं दार लोटलेलं होतं. खांबाजवळ एक गोधडी अंथरलेली होती. तिच्यावर कोणी बसलं नव्हतं, आणि त्यालाही कोणी तिथं बस म्हटलं नाही.

वैजनाथ मलकापूरच्या वाचनालयात पुस्तकं द्यायचा-घ्यायचा. नागपूरहून सरकारी मदत मंजूर झाली होती. लोकांना काय हवं ते घरोघर विचारून मगच पुस्तकं मागवायची, असं कमिटीनं ठरवलं होतं. वकिलांना कायदा हवा होता, दुकानदारांना कादंबऱ्या. ही गल्ली त्यानं शेवटी ठेवली होती. इथं वाचता येणारं कोणी नव्हतं.

"आमाले नवीन काई नको," आशाबाई म्हणाली. ती जिनात कापूस निवडायची. "पूर्णाबाईचं तेवढं पुरं करा."

"कोण पूर्णाबाई?"

"घ्या. सोताच्या बायकोचं नाव इसरले."

मागं कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. अन्नपूर्णा माघात गेली होती. आता चैत्र संपत आला होता.

"रजई भराले दिली तवापासून यायची," ताहेराबी म्हणाली. "रोज दुपारी. इथं खांबाले टेकायची, पुस्तक उघडायची अन् वाचायची. तुमाले नाई सांगितलं?"

"नाही."

"मंग घरी बोलत काय होते तुमी?"

अन्नपूर्णेला अक्षर येत नव्हतं. कागदावर ती अंगठा उठवायची.

"कशाचं पुस्तक होतं?"

"एका बाईचं," आशाबाई म्हणाली. "माहेराहून एकटीच निंगते. राजूर घाटात वाट चुकते. इकडं नवरा जेवाचा थांबला असते. ती चालून राह्यली, चालून राह्यली, तं नळगंगेले पूर. पल्याड उजेड दिसते. तिथंच पान मोडलं पूर्णाबाईनं. म्हणे, बाकीचं उद्या. मंग तिले ताप आला."

"शाळेतल्या मास्तरांकडून वाचून घ्यायचं."

"दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ नका म्हणे. तुमी काई दुसरे नाई."

ताहेराबीनं कोनाड्यातून फडक्यात बांधलेलं पुस्तक काढलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. वर वाचनालयाचा शिक्का होता. शेतकी खात्याचं पुस्तक, कपाशीवरच्या किडीचं. ते कधी कोणी मागितलं नव्हतं, म्हणून नाहीसं झालेलंही कळलं नव्हतं.

मोडलेल्या पानावर गुलाबी बोंडअळीचं चित्र होतं. खाली सरकी उन्हात कशी वाळवावी ते दिलं होतं.

"पोचली का नाई ती घरी?" आशाबाईनं विचारलं. "आमी यावरच भांडून राह्यलो. मी म्हणतो, बुडाली."

"बुडंन काऊन?" ताहेराबी म्हणाली. "तो जेवाचा थांबला नं."

वैजनाथनं पान उलटलं. पुन्हा मागं आणलं. ओळीवर बोट ठेवलं. बाया पुढं सरकल्या.

"नदीला उतार पडत नाही," तो वाचू लागला. "बाई काठावर बसून आहे. पलीकडे दिवा तसाच आहे. नवऱ्यानं अजून ताट वाढून घेतलेलं नाही."

तो थांबला. बोट ओळीच्या शेवटाला आलं होतं.

"मंग?"

"अजून वाटेतच आहे."

ताहेराबी उठली आणि झळ येत होती तरी, कोणी यायचं असावं तसं, तिनं लोटलेलं दार उघडून ठेवलं.