टँकरची रांग

बहात्तरच्या दुष्काळात जतकडच्या एका गावात बायका टँकरसाठी उन्हात रांग लावायच्या. गावचा सरपंच नाथाजी मात्र रोज थेट पुढं जाऊन नळीखाली घागरी लावायचा. एकदा बनुबाईनं त्याची घागर बाजूला सारली. "आवं, रांग हाय हितं!"

नाथाजी चिडला नाही. त्याला खरंच नवल वाटलं. "रांग तुमची हाय. माझी कशाला आसंल?"

पण त्या दिवशी सगळ्या बायका बनुबाईच्या बाजूनं उभ्या राहिल्या. नाथाजी रिकाम्या घागरी घेऊन माघारी गेला.

दुसऱ्या दिवशी टँकर सरळ नाथाजीच्या अंगणात जाऊन थांबला. बायका फाटकाबाहेर ताटकळत राहिल्या.

 

घरातलं शेवटचं भांडं भरल्यावर त्यानं फाटक उघडलं. "या बनुबाई. आज मी मधी घुसलो न्हाई बरं का!"