सुरक्षेचा प्रश्न

“‘शर्वरी’च टाक की,” नवरा तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाला. पडद्यावर प्रश्न होता, ‘लहानपणी तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारायचे?’ सकाळपासून कुणीतरी तिच्या शिवणकामाच्या पेजचं खातं बळकावून ‘शर्वरी ब्लाउज’च्या गिऱ्हाइकांकडे आगाऊ पैसे मागत होतं. उत्तर चुकलं. “गेलं आता खातं,” म्हणत तो चहा प्यायला उठला.

शर्वरी हे नवं नाव लग्नात त्यानेच ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलं होतं. त्याआधीचं नाव या घरात कुणी कधी घेतलंच नव्हतं, नवराही ते विसरून गेला होता, मग चोराला कुठून ठाऊक असणार! तिने ‘सगुणा’ लिहिलं आणि खातं उघडलं.

मग तिने पदर खोचला. चोराच्या फोनसकट सगळीकडून लॉगआउट केलं, नवा पासवर्ड घातला, ओटीपी यापुढे नवऱ्याच्या नाही, स्वतःच्या फोनवर येईल अशी सोय केली. सुरक्षेचा प्रश्नही बदलला, कारण ते नाव आता गुपित राहणार नव्हतं.

संध्याकाळी नवरा फोन नाचवत आला. “अगं, आपल्या पेजवर ‘सगुणा ब्लाउज’ कसं काय दिसतंय? ही सगुणा कोण?”

“मालकीण,” सुईत दोरा ओवत ती म्हणाली.