वीसवरची रेघ

"अठरा." विनीतानं रिपोर्ट टेबलावर ठेवला. "वीसच्या खाली म्हणजे निगेटिव्ह. तुला लाइम नाहीये, सारंग."

सारंगनं कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. सुजलेला गुडघा स्टुलावर टाकून तो बसला होता. त्याच्या नोकरीपायी स्वीडनला तीन वर्षं काढून दोघं सिंगापूरला सेंगकांगच्या या फ्लॅटमध्ये आले, आणि वर्षभर हे असंच चाललं होतं. कधी गुडघा, कधी ताप, आणि थकवा तर पाचवीला पुजलेला. स्वीडनला दर रविवारी दोघं जंगलात भटकायचे आणि घरी येऊन एकमेकांच्या पायांवरच्या गोचिडी चिमट्यानं काढायचे. लाइम हा आजार गोचिडी चावल्यानंच होतो. पण इथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, टेस्ट पॉझिटिव्ह आली तर औषध, नाहीतर हा कामाचा ताण. लेक गार्गी तर इथल्या सिंगापुरी इंग्रजीत सरळ म्हणायची, "बाबा ऑलवेज टायर्ड लाह!"

"दोन आकड्यांसाठी?" सारंगनं विचारलं. "ही वीसची रेघ आखली तरी कोणी?"

"मी. आणि उगाच नाही आखली."

आवाज चढला, ते तिचं तिलाच कळलं. पण रेघ खरंच उगाच आखलेली नव्हती. या टेस्टच्या रेघेवरून जगभर भांडणं. कोणी म्हणे फार कडक, कोणी म्हणे फार ढिली. म्हणून विनीतानं आपल्या लॅबपुरती नवी रेघ आखली. लॅबमधल्याच वीस धडधाकट माणसांचं रक्त घेतलं, नळ्यांवर नावांऐवजी नंबर टाकले, आणि त्यांतल्या सगळ्यांत वरच्या आकड्याच्या जरा वर रेघ ओढली. सिंगापुरात लाइम होत नाही, मग इथल्या निरोगी रक्तात त्याची खूण कशाला सापडेल?

"तुझी रेघ बरोबर असेल," सारंग म्हणाला. "पण मी सोंग करत नाहीये, विनी."

आणि तो लंगडत आत गेला. विनीतानं रिपोर्ट पुन्हा उचलला. त्याच्यावर आपला विश्वास नाही, असंच त्याला वाटलं होतं, आणि त्यात त्याची काय चूक?

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तिनं जुना तक्ता काढला. निदान त्याला छातीठोकपणे सांगता तरी यावं. वीसपैकी बाकी सगळ्या नळ्या पाचच्या आत होत्या. फक्त चौदा नंबरचा आकडा एकोणीस. एकट्या नळीनं रेघ वीसवर नेऊन ठेवली होती. तेव्हा तिनं तो आकडा पाहिला होता आणि एखाद्याचं असतं तसं, म्हणून सोडून दिला होता. बरं वाटतंय ना, एवढंच सगळ्यांना विचारलं होतं. कुठून आलात, हे कोणालाच विचारलं नव्हतं. तिनं कपाटातून नावांची यादी काढली.

संध्याकाळी सारंग तसाच बसला होता. "अजून निगेटिव्हच ना?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता, आशाही नव्हती.

विनीता खाली बसली आणि तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"माझी रेघ चुकली, सारंग. लॅबच्या सरांना सांगून आजच रद्द केली. तुझ्या डॉक्टरांनाही कळवलंय."

"आज अचानक काय झालं?"

"त्या वीस निरोगी माणसांत एकानं तुझ्याबरोबर स्वीडनच्या जंगलात भटकंती केली होती," ती म्हणाली. "चौदा नंबरची नळी माझी आहे."